मुक्काम पोस्ट जासई

किनाऱ्याकिनाऱ्यानं घर-गाडी घेऊन वर येणाऱ्या कुटुंबाला कोकण नेमकं कुठं संपलं ते नकाशा सांगत नाही, पळस्पे फाटा सांगतो. रेडीपासून इथवर डाव्या हाताला कधी समुद्र असतो, कधी खाडी, कधी नुसती सुरूची रांग. पळस्प्याला जेएनपीटी बंदराच्या रस्त्याला लागलं की डावीकडे कंटेनर, उजवीकडे कंटेनर आणि समोरच्या ट्रेलरच्या पाठीवरही कंटेनर. मग गव्हाण फाटा, मग जासई. पोरांनी तोवर खिडकीबाहेर बघणं सोडलेलं असतं. आई शाळेच्या ग्रुपवरचे साठलेले मेसेज वाचते, बाबा अटल सेतूच्या टोलची चौकशी करतात, आजी मागच्या बाकावर गुडघे चोळत असते. सहल अजून संपलेली नसते. पण तिच्यातून मन उठलेलं असतं.

अशा सहलींचं वर्णन लिहिणारे हा टप्पा एका ओळीत उरकतात. ‘नंतर ट्रॅफिकमधून मुंबई गाठली.’ मला मात्र वाटतं, घर सोबत घेऊन हिंडणं म्हणजे काय, याची खरी परीक्षा याच दोन-तीन दिवसांत होते. आधीचे दिवस फसवे असतात. वेंगुर्ल्याला, आचऱ्याला, गणपतीपुळ्याच्या अलीकडे कुणाच्या तरी वाडीत गाडी लावायला मिळते. घरमालक विहिरीचं पाणी देतो, पंप सुरू करून देतो, रात्री सोलकढीचं पातेलं आणून ठेवतो. आपल्याला वाटतं, आपली गाडी स्वयंपूर्ण आहे. जासईला पोचेपर्यंत गॅस संपत आलेला असतो, पाण्याची टाकी खडखडीत, मळके कपडे बर्थखाली कोंबलेले आणि शौचालयाची टाकी काठोकाठ. ती कुठं रिकामी करायची? तेव्हा कळतं की इतके दिवस आपण आपल्या गाडीत नव्हे, दुसऱ्यांच्या अंगणात राहत होतो.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच्या आदल्या वर्षी कृषी पर्यटनाचं आणलं होतं. कॅरॅव्हॅनच्या धोरणात गाडीचा विचार आहे: झोपायची सोय, ओटा, शौचालय. गाडी लावायच्या जागेचा, म्हणजे पार्कचा विचार आहे: रस्ता, पाणी, वीज. हेतू वाईट नाही. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे आणि त्यातल्या पुष्कळ गावांत धड हॉटेल नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना किंवा अपंग मुलाला घेऊन निघालेल्यांना आपला पलंग आणि आपलं न्हाणीघर सोबत असणं ही चैन नव्हे, गरज आहे. बाईमाणसाला हायवेवरच्या स्वच्छतागृहांचा जो अनुभव येतो तो आठवला, तर या गाड्यांची थट्टा करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. माझी तक्रार वेगळी आहे. हे धोरण थांबण्याकडे पार्किंग म्हणून बघतं. मुक्काम हा दोन पक्षांतला व्यवहार असतो: येणारा काय घेतो, जाताना काय ठेवतो आणि ज्याच्या जमिनीवर तो थांबला त्याची त्यात मर्जी किती. याचा हिशेब न मांडता नुसती जागा आखून दिली तर तिथे गाड्या उभ्या राहतील, एवढंच.

हा हिशेब चोख मांडणारी माणसं आपल्याकडे आहेत आणि तीही कुटुंबकबिला घेऊन कोकणात उतरतात. दसरा-दिवाळी उलटली की नीरेच्या खोऱ्यातून, फलटण-बारामती-पुरंदरच्या पट्ट्यातून मेंढपाळ धनगरांचे वाडे घाट उतरू लागतात. घोड्यावर बिऱ्हाड: भांडी, वाकळा, पीठ, वर बांधलेली कोंबडी, कधी झोळीत लेकरू, कधी कालच जन्मलेलं कोकरू. बाप्ये मेंढरांमागे, बायका घोड्यांबरोबर. माळावर पाऊस तुटपुंजा, चारा दिवाळीपर्यंत संपतो. कोकणात तेव्हा भाताची कापणी आटोपलेली असते आणि खाचरं मोकळी पडलेली असतात. उन्हाळाभर पेण-पनवेल-कर्जत भागात फिरून मृगाच्या आत हे वाडे पुन्हा घाटावर चढतात, कारण दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही. चिखलात तिचे खूर कुजतात.

या फिरस्तीत मुक्काम ठरतो कसा ते पाहण्यासारखं आहे. वाड्यातला एक जाणता माणूस आधी पुढे जातो. चारापाणी बघतो, शेतकऱ्याशी बोलतो. किती मेंढरं, किती राती, बदल्यात भात किती की रोख किती, हे ठरतं. मग संध्याकाळी मेंढरं त्या खाचरात येतात, भोवती जाळ्यांची वाघर लागते आणि रातभर लेंडी आणि मूत त्या जमिनीत मुरतं. दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या खाचरात सरकते. बाईनं तोवर तीन दगड मांडून भाकरी टाकलेल्या असतात. सकाळी वाडा हलला की मागे राहते ती राख आणि खत, आणि त्या खतासाठीच शेतकऱ्यानं त्यांना बोलावलेलं असतं.

म्हणजे इथे राहणाऱ्याला यजमान पैसे मोजतो! आजच्या पर्यटनाच्या हिशेबानं हे उफराटंच आहे. पाहुणा जे मागे टाकून जातो तेच यजमानाला हवं असतं. आपल्या चकचकीत घर-गाडीची गोष्ट बरोबर उलट आहे. ती मागे जे ठेवून जाते ते कुणालाच नको असतं: रसायनानं निळं झालेलं मैलापाणी, प्लास्टिकच्या बाटल्या, डायपर, वाळूत रुतलेल्या चाकांच्या खोल चाकोऱ्या. ही तुलना लोकांना आवडणार नाही. पण मुक्कामाची किंमत ठरवायची झाली तर ती इथूनच ठरवावी लागेल.

धनगराच्या फिरस्तीची आरती ओवाळायचाही माझा विचार नाही. शहरी माणसाला हे खूळ लगेच चढतं. रात्री मेंढरं चोरीला जातात, हायवे ओलांडताना ट्रकखाली सापडतात, वनखात्याच्या हद्दीत पाऊल पडलं की दंड आणि अरेरावी. मुलांच्या शाळेचं तर विचारूच नये. वाड्यातल्या तरुण मुलींना हे जिणं नको आहे आणि त्यांचं काही चुकत नाही. गुंथर सोन्थायमरसारख्या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या ओव्या आणि दैवतं टिपण्यात उभं आयुष्य घातलं, माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी धनगर समाजाचं आणि निसर्गाचं नातं अभ्यासलं, संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं. इतकं असून रायगड जिल्ह्यात वाड्याला रात्री थांबायची हक्काची जागा कुठं, या प्रश्नाला कुठल्याही पर्यटन धोरणात ओळ नाही. बारा पिढ्या किनाऱ्याकडे येणाऱ्या कुटुंबांचा विचार करायचा नाही आणि भाड्याची व्हॅन घेऊन नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांसाठी पार्क आखायचं, यात काहीतरी चुकतं आहे असं निदान वाटायला तरी हवं.

जासईला तर खाचरंच फारशी उरली नाहीत. इथे वाघर लावणार कुठं?

नवी मुंबईसाठी सरकारनं ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली तेव्हा हा सगळा पट्टा भातशेतीचा, खारबंदिस्तीचा आणि मिठागरांचा होता. ही नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. जमिनीच्या भावावरून धुमसत असलेला असंतोष १९८४ च्या जानेवारीत उफाळला. १६ आणि १७ तारखेला दास्तान फाटा आणि नवघर-पागोटे इथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. आंदोलनाचं नेतृत्व करणारे दि. बा. पाटील याच जासईचे, जन्म १९२६ चा. विकसित भूखंडाच्या रूपानं साडेबारा टक्के जमीन परत मिळण्याचं जे सूत्र पुढे रुजलं, त्याच्या मुळाशी हा लढा आहे. जासईत हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि दर जानेवारीत तिथे माणसं जमतात.

आपल्या सहलकरी कुटुंबाची गाडी या गावावरून जाते तेव्हा या इतिहासाशी तिचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. फार जवळचा संबंध आहे. न्हावा शेवा, म्हणजेच जेएनपीटी बंदर १९८९ च्या मे महिन्यात सुरू झालं आणि आज ते देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी आहे. घर-गाडीच्या टपावरचं सोलर पॅनेल, आतली लिथियम बॅटरी, छोटा फ्रिज, पोरांच्या हातातले टॅब, यांतलं बरंचसं कुठल्या ना कुठल्या बंदरात बोटीवरून उतरलं असणार, आणि पश्चिम किनाऱ्यावर बंदर म्हटलं की हे नाव येतंच. देवगड-मालवणचा किनारा आपल्याला सुंदर दिसतो, कारण तिथे ही बोट उतरत नाही. जिथे उतरते तिथल्या लोकांनी खाचरं दिली, मिठागरं दिली, खाडीतली मासळी गमावली. सहलीतून हा टप्पा वगळणाऱ्यानं किनारा पाहिला, किनाऱ्याची किंमत पाहिली नाही.

आणि याच रस्त्यावर खरीखुरी घर-गाड्यांची वसाहत आहे. तिला कुणी कॅरॅव्हॅन म्हणत नाही. आम्र मार्गाच्या कडेला, सर्व्हिस रोडवर, यार्डांच्या फाटकाबाहेर ट्रेलर उभे असतात. आत जायचा नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर तिथेच राहतो. केबिनमध्ये सीटमागे झोपायची फळी, तिच्यावर घडी घातलेली चादर, आरशाशेजारी देवाचा फोटो आणि घरच्यांचा. चाकांच्या मध्ये बसवलेल्या लोखंडी पेटीत तवा, कुकर, पीठ आणि कांदे. दुपारी ट्रेलरच्या सावलीत पाच किलोचा सिलिंडर पेटतो, दोन ट्रेलरांमध्ये दोरी ताणून बनियन वाळत पडतात, पाण्याचा कॅन शंभर पावलांवरून भरून आणावा लागतो. आंघोळ जिथे नळ सापडेल तिथे. शौचाला झुडपांआड. कुटुंब अर्थात सोबत नसतं. ते फोनवर असतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. केबिनच्या बाहेर पाय ठेवल्यावर माणसाचं काय, यावर मात्र तो नियम गप्प आहे.

गावाची बाजूही समजून घेतली पाहिजे. जासई-उरण भागातल्या माणसाला या उभ्या ट्रेलरांबद्दल विचारा, तो पर्यटनाचं नव्हे, अपघातांचं बोलेल. अंधारात दिवे न लावता उभा ट्रेलर आणि त्याच्या मागे आदळणारी मोटारसायकल, ही इथल्या घराघरात माहीत असलेली भीती आहे. बंदरानं ट्रेलरांसाठी मोठा वाहनतळ बांधला, तरी रस्त्याकडेच्या रांगा पुऱ्या मिटल्या नाहीत. तेव्हा गावकरी जर म्हणाला की आता तुमच्या हौशी व्हॅनही इथे नकोत, तर त्याला मागासलेला ठरवायचा अधिकार मुंबई-पुण्याच्या माणसाला पोचत नाही. ज्याची मर्जी न विचारता त्याच्या जमिनीवर जगाचा माल थांबवला, तो पाहुण्याला हसतमुखानं ‘या’ म्हणेल, ही अपेक्षाच बेशरमपणाची आहे.

मर्जीचा मुद्दा म्हणून महत्त्वाचा. आचऱ्यातल्या वाडीवाल्यानं गाडी लावू दिली ती जमीन त्याची होती म्हणून. धनगराला खाचरात बसवणाऱ्या शेतकऱ्याचंही तेच. जासईतल्या माणसाकडे काय आहे? गावठाणातलं दाटीवाटीचं घर आणि नशीब असेल तर भाडेपट्ट्यावरचा भूखंड, तोही बहुधा बिल्डरशी करार करून इमारतीखाली गेलेला. पाहुणचाराला आधी अंगण लागतं. आगरी माणूस पाहुणचारात कुठं कमी पडत नाही. हळदीच्या रात्री जाऊन बघा. पण रस्त्यानं जाणाऱ्या परक्याला ‘रातभर थांब’ म्हणण्याएवढी मोकळी जमीनच विकासानं त्याच्याकडे ठेवलेली नाही.

परदेशातल्या दोन गोष्टी इथे उपयोगी पडतील. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला किनाऱ्याला वळसा घालणारा एक मोटारमार्ग २०१५ पासून ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या नावानं जोरात खपवला गेला. गाड्या आल्या, व्हॅन आल्या, आणि मागोमाग अरुंद रस्ते अडवणाऱ्या, माळावर शौचालयाच्या टाक्या ओतणाऱ्या पाहुण्यांच्या तक्रारी आल्या. रस्त्याची जाहिरात आधी झाली, थांबण्याची सोय मागून. फ्रान्समध्ये उलट आहे. तिथल्या असंख्य छोट्या गावांत गावची पालिकाच घर-गाड्यांसाठी थांबा चालवते: चार खुणा केलेल्या जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ, मैलापाणी ओतायची जाळी, आणि गावाच्या तिजोरीत जाणारी माफक फी. सकाळी पाहुणा गावातल्याच बेकरीतून पाव घेतो. यात थोर असं काही नाही. मैला कुठं जाणार हे गावानं आधी ठरवलं आणि ठरवायचा अधिकार गावाकडे होता, एवढंच.

आपण स्कॉटलंडच्या वाटेनं निघालो आहोत. रेवस ते रेडी सागरी मार्गाचं स्वप्न मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळचं. इतकी वर्षं ते खाड्यांपाशी अडत राहिलं आणि कोकणच्या सहलीला तिची खरी चव त्या अडण्यानंच दिली, असं माझं मत आहे. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी: प्रत्येक खाडीवर जंगर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट. जंगरवर गाडी चढवताना खलाशी हातवारे करून बोटभर अंतर ठेवायला लावतो, पुढच्या टेम्पोतली आंब्याची खोकी नाकाला लागतात, गावच्या मास्तरीणबाई स्कूटी स्टँडवर लावून शेजारणीशी बोलायला लागतात. पलीकडे जायला लागणारी ती पंधरा-वीस मिनिटं तुम्ही पर्यटक नसता, उतारू असता. आता त्या खाड्यांवर पूल येत आहेत. रोजच्या माणसाला, बाळंतिणीला, आंबेवाल्याला ते हवेच आहेत आणि माझ्यासारख्यानं जंगरच्या मौजेसाठी त्यांच्या आड येऊ नये. पण थांबणं भाग पाडणारी शेवटची गोष्ट त्याबरोबर जाईल हेही खरं.

अटल सेतूवर याची चुणूक दिसलीच. १२ जानेवारी २०२४ ला २१.८ किलोमीटरच्या या पुलाचं उद्घाटन झालं आणि पहिल्याच काही दिवसांत लोक मध्येच गाड्या थांबवून समुद्र बघायला, फोटो काढायला उतरले. पोलिसांनी दंड केले, आणि वेगानं गाड्या धावणाऱ्या पुलावर ते करायलाच हवे होते. तरी त्या माणसांचं मला नवल वाटलं नाही. समुद्र दिसला की थांबावं ही इच्छा माणसाची आहे. तिच्यासाठी पुलाच्या अलीकडे-पलीकडे जागा ठेवायला कुणाला सुचलं नाही, ही चूक आखणाऱ्यांची. त्या सेतूचा एक जोड जासईलाच उतरतो.

उद्या रेवस-करंजा पूल झाला की चित्र आणखी बदलेल. आज अलिबागकडून येणाऱ्या गाडीला एक तर मांडव्याहून रो-रो पकडावी लागते, नाही तर वडखळ-पेण-पळस्पे असा लांबचा वळसा. धरमतरच्या खाडीवर पूल झाल्यावर ती रेवसहून थेट करंजाला उतरेल, उरणमधून जासईकडे आणि तिथून सेतूवर. नवी मुंबईचा विमानतळही जवळच आहे. म्हणजे मुंबईच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्याचा दरवाजा जासईत उघडणार, आणि शनिवार-रविवारी व्हॅनच काय, अख्खी मुंबई त्यातून ये-जा करणार. त्या दिवशी गावानं काय विकायचं, वडापाव आणि पार्किंगची पावती?

म्हणून धोरणात आधी बदल करायचा तर तो मालकीचा करावा. किनारपट्टीतला थांबा खासगी रिसॉर्टला किंवा महामंडळाला देण्याआधी ग्रामपंचायतीला विचारावं, फी तिच्या खात्यात जावी, आणि किती गाड्या, किती रात्री, कोणत्या महिन्यांत, हे तिनंच ठरवावं. मैलापाण्याची सोय नसेल तर परवाना नको. यात सूट नको. आणि जासई-उरणसारख्या ठिकाणी थांबा बांधायचाच असेल तर तो एकट्या हौशी कुटुंबासाठी नसावा. नळ, न्हाणीघर, शौचालय, सावली आणि रात्रीचा उजेड ट्रेलरच्या ड्रायव्हरला आधी लागतो, कारण तो बारा महिने तिथे आहे. पर्यटकाच्या मुलांनी शेजारच्या नळावर कपडे धुणारा बिहारचा ड्रायव्हर पाहिला तर सहल बिघडणार नाही. पेण-कर्जतकडे, जिथे खाचरं अजून आहेत, तिथे याच पैशातून वाड्यांच्या वाटेवरची पाणवठ्याची जागा राखून ठेवता येईल.

जमीन कुठून आणणार, असा प्रश्न लगेच येईल. यार्डांसाठी, गोदामांसाठी, विमानतळासाठी, सेतूच्या जोडरस्त्यांसाठी ती इथल्याच ९५ गावांतून मिळाली होती. सिडकोच्या आराखड्यात सामाजिक सुविधांचे भूखंड राखलेले असतात. त्यातला एखादा, रस्त्याला लागून असलेला, जासईच्या पंचायतीच्या नावावर करून देणं अवघड नाही. रेवस-करंजा पूल खुला व्हायच्या आत तो मागून घेणं हे पंचायतीचं काम आहे, आणि हुतात्म्यांच्या स्मारकापाशी भरणाऱ्या जानेवारीच्या सभेत मागणारी आणि देणारी, दोन्ही बाजूंची माणसं एका मांडवात बसलेली असतात.